टाळूवरचे वाफे: जिभेनं चालणाऱ्या एका उपकरणाची गोष्ट

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या माणसाला आपण आप्पा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तासगाव तालुका, द्राक्षबाग आणि तंबाखू मात्र तशीच ठेवली आहे, कारण ती काढली तर पुढचं काहीच समजणार नाही.

आप्पा चाळिशीच्या आतले. साडेतीन एकर बाग, त्यातली बरीचशी तास-ए-गणेश जातीच्या द्राक्षांची. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात विहिरीतली मोटार वर काढताना कप्पीचा दोर सुटला आणि दोराबरोबर आप्पाही खाली गेले. विहिरीत पाणी गुडघाभर. मानेतल्या चौथ्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली. मिरजेत ऑपरेशन झालं, पुढं दीड वर्ष व्यायाम झाले. आज मान वळते, खांदे उडवता येतात. हातपाय हलत नाहीत, आणि खांद्यांच्या खाली स्पर्श कळत नाही. श्वास स्वतःचा आहे, पण खोकल्यात जोर नाही आणि आवाज बारीक झालाय. लघवीसाठी कायमची नळी आहे.

घरात वहिनी (आप्पांच्या बायको), आठवीतला मुलगा आणि कानानं कमी ऐकणारी आई. बाग विकायची नाही हे आप्पांनी दवाखान्यातच ठरवलं होतं. एक गडी ठेवला. तो सकाळी पानांचे, घडांचे फोटो मोबाईलवर पाठवतो आणि आप्पा खाटेवरून फवारणी सांगतात. गावात अजूनही लोक त्यांना औषध विचारायला येतात.

मी जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या चार मुलांना प्रोजेक्ट हवा होता, त्यातला एक आप्पांच्या शेजारच्या गावचा. ऑगस्टमध्ये तो मला त्यांच्याकडं घेऊन गेला. मिरजेच्या एक दंतवैद्य मैत्रीण (कवळ्या आणि प्लेटा हा त्यांचाच विषय) आणि आप्पांचे फिजिओथेरपिस्ट पुढं या कामात आले.

अडचण काय होती

फोन लावणं, मेसेज बोलून लिहिणं हे आप्पा आवाजावर करत होते. मग आमची गरज काय, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं. त्यांनी मुलाला मोबाईल समोर धरायला लावला. पानाचा फोटो होता, वरच्या बाजूला फिकट पिवळा डाग. “हा दावण्याचा तेलकट डाग हाय का नुसतं ऊन लागलंय, हे पान मोठं करून बघितल्याबिगर कसं सांगू? पोरगं शाळंला गेलं की फोटो तसाच पडून. संध्याकाळी बघतो, तवर उशीर झालेला असतो.” (दावण्या म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग.)

दुसरी गोष्ट त्यांनी वहिनी आत गेल्यावर सांगितली. बेदाण्याचा सौदा, उधारी, भावाशी चाललेलं बांधाचं भांडण, सगळं मोठ्यानं बोलावं लागतं. “आख्ख्या आळीला माझा दर ठावं असतो, सर.”

म्हणून आम्ही कागदावर लिहिलं: पडद्यावरचा बाण हलवता आला पाहिजे, फोटो मोठा करता आला पाहिजे, आणि तोंडातून शब्द न काढता. हा कागद अजून माझ्याकडं आहे. त्यात तिसरी गरज नाही. ती आम्ही विचारली नाही आणि त्यांनी सांगितली नाही. त्याचं काय झालं ते पुढं येईल.

समोर असलेले पर्याय

तोंडात धरायची काठी हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त उपाय. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रातले जवान तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात, हे आमच्याकडं अनेकांना माहीत असतं. सातारा-सांगलीत फौजेतला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. आम्ही आठवडाभर काठी वापरून बघितली. पडद्याला स्पर्श व्हायचा, पण दहा मिनिटांत मान भरून यायची. शिवाय आप्पांचे पुढचे दोन दात हलत होते, आणि काठीचा सगळा भार त्यांच्यावरच यायचा.

चेहऱ्याचे हावभाव ओळखून फोन चालवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे. ती मुलांना फार आवडली, कारण काहीच बनवायचं नव्हतं. पण आप्पांची खाट दाराशी. सकाळी मागून ऊन येतं, चेहरा काळा पडतो, कॅमेऱ्याला भुवई दिसत नाही. खाट हलवा म्हटल्यावर आप्पा म्हणाले, दारातनं बाग दिसती. विषय संपला.

नळीतून ओढायची-फुंकायची पद्धत परदेशात चाकाच्या खुर्चीसाठी वर्षानुवर्षं चालते. आप्पांच्या श्वासात तेवढी ताकद होती. पण नळीतून मिळणारे हुकूम मोजकेच; बाण चारही दिशांना फिरवायला ती संथ पडते.

राहिली जीभ. जिभेचे स्नायू चालवणारी नस मेंदूच्या देठातून थेट निघते, मणक्याच्या पोकळीतून जात नाही. त्यामुळं मान मोडली तरी जीभ जशीच्या तशी राहते. ती चपळ असते, लवकर थकत नाही, आणि तोंडाच्या आतला कुठलाही कोपरा न बघता गाठते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेत मेसम घोवनलू यांच्या गटानं जिभेत टोचून बसवलेला छोटा चुंबक आणि गालांजवळ धरलेले चुंबकीय सेन्सर अशी रचना केली. २०१३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हातपाय गेलेले लोक ओढ-फुंक नळीच्या सरासरी तिप्पट वेगानं काम करत होते, अचूकता तेवढीच राखून. डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठानं टाळूवर तारांची बारीक वेटोळी बसवून जिभेवरच्या धातूच्या तुकड्यानं ती चालवली. अलीकडं ऑगमेंटल या कंपनीनं टाळूवर बसणारं, ब्लूटूथनं जोडलं जाणारं माउथपॅड आणलंय, म्हणजे टाळूवरचा टचपॅडच.

चुंबकाचा रस्ता दोन कारणांनी बंद झाला. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, यांना मणक्याचा एमआरआय पुन्हा लागणार, जिभेत चुंबक घेऊन तो कसा काढायचा? आणि आईंना नीट ऐकू आलं नव्हतं तरी एवढं कळलं की जिभेला काहीतरी टोचणार आहेत. त्या उठून आत गेल्या आणि आम्ही जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. टोचण्याऐवजी चिकटवायचा म्हटलं तर तो सुटून गिळला जाण्याची भीती. मग टाळूवर स्पर्श ओळखणारी प्लेट बनवायची ठरली. दात वाकडे असलेल्या मुलांना देतात तशी काढता-घालता येणारी, तिच्यात तांब्याच्या पातळ पट्ट्या.

बॅटरी तोंडात ठेवायची नाही, हा निर्णय मी एकट्यानं घेतला आणि मुलं माझ्यावर नाराज झाली. त्यांना तार नको होती. तार दिसायला वाईट. पण बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतो, आणि या माणसाला धड खोकताही येत नाही. ओठाच्या कोपऱ्यातून सिलिकॉनच्या नळीत केसासारख्या तारा बाहेर आणायच्या आणि सर्किट खाटेच्या कडेला ठेवायचं असं ठरलं. वीज पॉवर बँकेवरूनच घ्यायची, आणि ती चार्जिंगला लावलेली असताना प्लेट तोंडात नको. गावातल्या घरांत अर्थिंग असेलच याचा भरवसा नाही, आणि स्वस्त चार्जरमधून गळणारा करंट ओल्या तोंडापर्यंत जायला नको.

तोंडाची तपासणी, आणि तंबाखू

प्लेटसाठी टाळूचा साचा घ्यायला डॉक्टर मॅडम घरी आल्या. तोंड उघडायला सांगितलं तर जेमतेम अडीच बोटं मावली. उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा, खाली हात लावला तर कडक. तंबाखू. जखमेच्या आधी वीस वर्षं, आणि जखमेनंतरही. आता वहिनी चुना लावून, मळून गालात ठेवायच्या, दिवसातून सात वेळा.

त्या दिवशी साचा घेतला नाही. आधी चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. दहा दिवस आम्ही सगळे गप्प होतो. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता, पण पुढं होऊ शकतो अशा प्रकारातला बदल होता.

इथं मॅडमचं आणि माझं वाजलं. त्यांचं म्हणणं, तंबाखू सोडली तरच प्लेट. चट्ट्यावर प्लेटची कड घासणार, तोंड आणखी आखडलं तर प्लेट आतच जाणार नाही, आणि ही संधी आहे, माणसाला प्लेट हवीय तर तिच्यापायी तो सोडेल. मला त्यातलं शेवटचं कारण पटत नव्हतं. हातपाय गेलेल्या माणसाकडं उरलेल्या दोन-चार गोष्टींतली एक काढून घेऊन त्या बदल्यात दुसरी द्यायची, असा व्यवहार आम्ही कोण करणार? त्यांना माझं बोलणं गुळमुळीत वाटलं. “तुम्हाला प्रोजेक्ट सबमिट करायचाय, मला पाच वर्षांनी याच तोंडाचं ऑपरेशन बघायचं नाहीये,” असं त्या म्हणाल्या, आणि त्या बोलण्यात तथ्य होतं.

शेवटी आप्पांनाच विचारलं. ते म्हणाले, “सोडतो म्हणालो तर खोटं बोलल्यासारखं हुईल. कमी करतो.” मॅडमनी अट सोडली. पण प्लेटची उजवी कड चट्ट्यापासून लांब ठेवली आणि तीन महिन्यांनी तपासणी ठरवली. अजूनही आमच्यात कोण बरोबर होतं हे मला सांगता येत नाही.

साचा घेतानाचा एक तपशील सांगतो, कारण तो कुठल्या माहितीपत्रकात सापडत नाही. साच्याचं ओलं मिश्रण घशाकडं ओघळलं तर साधा माणूस खोकून बाहेर काढतो. आप्पांना ते जमणार नव्हतं. म्हणून पाठ उभी केली, मान थोडी पुढं झुकवली, ट्रेमध्ये मिश्रण नेहमीपेक्षा घट्ट आणि कमी घेतलं, शेजारी सक्शन मशीन चालू ठेवलं. साचा वाळला की आकसतो आणि मिरजेची लॅब पाऊण तासावर, म्हणून प्लास्टर गावातच ओतलं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. वहिनींनी पिठाची परात दिली. ती नंतर कितीही घासली तरी निघेना.

पहिली प्लेट

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहिली प्लेट तयार झाली. पाच पट्ट्या: वर, खाली, डावी, उजवी आणि मधे क्लिक. कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांनी ती बोटानं चालवून दाखवली तेव्हा बाण लोण्यासारखा सरकला.

तोंडात गेल्यावर दोन मिनिटं चालली. मग पाचही पट्ट्या एकदम लागायला लागल्या. लाळ. प्लेट हे शरीराला परकं असतं, त्यामुळं सुरुवातीला तोंड जास्तच पाझरतं. लाळेत क्षार असतात, तिचा पातळ थर सगळ्या पट्ट्यांवर पसरला की त्या एकमेकींना जोडल्यासारख्या वागतात. बोटाला आणि जिभेला एकच नियम लागेल असं आम्ही धरून चाललो होतो. मुलांनी संवेदनशीलता कमी केली, तर जिभेचा स्पर्शही लागेना. आप्पा जीव खाऊन दाबायला लागले आणि रात्री जिभेचं मूळ दुखलं.

यापेक्षा वाईट गोष्ट बोलण्याची झाली. प्लेट तोंडात असताना गड्याचा फोन आला. आप्पांनी “काल टाकीत किती औषध टाकलं?” एवढं विचारलं आणि पडद्यावर दोन ॲप उघडली, एक फोटो कुणालातरी गेला. मराठीत ट, ठ, ड, ढ, ण, ळ म्हणताना जिभेचं टोक वळून टाळूला लागतं, आणि आमची क्लिकची पट्टी अगदी त्याच जागी होती.

तो आठवडा अवकाळी पावसाचा होता, बागेत दावण्या पसरत होता, आणि आमच्या प्लेटचा आप्पांना काडीचा उपयोग झाला नाही. त्यांनी ती पाण्याच्या डब्यात ठेवायला सांगितली. आम्ही परीक्षेच्या नावाखाली महिनाभर तिकडं फिरकलो नाही. खरं कारण लाज हे होतं.

ती रात्र

जानेवारीत शेजारच्या गावच्या मुलाचा फोन आला. आदल्या रात्री आप्पा जाता जाता वाचले होते.

वहिनी रात्री बाराला आणि पहाटे चारला उठून त्यांची कूस बदलतात. बाराला कूस बदलताना लघवीची नळी मांडीखाली मुडपली. पिशवी भरायची थांबली, मूत्राशय तट्ट फुगलं. मज्जारज्जू छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत तुटलेला असला तर खालच्या शरीरातली अशी तक्रार मेंदूपर्यंत पोचत नाही, पण शरीर तिला उत्तर देत राहतं: रक्तदाब चढत जातो, डोकं फुटायला लागतं, कपाळावर घाम सुटतो. वेळीच कारण दूर झालं नाही तर झटके येऊ शकतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आप्पांना हे दवाखान्यात शिकवलं होतं. काय होतंय ते त्यांना नेमकं कळत होतं. अडीचच्या सुमारापासून ते हाका मारत होते. वहिनी आणि मुलगा आतल्या खोलीत, बाहेर थंडीमुळं दार बंद, आईंना ऐकू येत नाही. मोबाईल आत मिक्सरच्या फळीवर चार्जिंगला. वहिनी चारच्या ऐवजी साडेतीनला उठल्या, कशामुळं ते त्यांनाही सांगता आलं नाही. नळी सरळ केली, त्यांना बसतं केलं, तासाभरात उतार पडला.

मी गेलो तेव्हा आप्पा शांत होते. म्हणाले, “हाक बाहेर जाईना, सर. नुसती जीभ हालत हुती तोंडात.”

पाच महिने आम्ही त्याच जिभेनं फोटो कसा मोठा करायचा यावर डोकं चालवत होतो. रात्री कोणाला उठवायचं झालं तर काय करता, हा एक प्रश्न पाच जणांपैकी एकानंही विचारला नव्हता.

दोन दिवसांत घंटा बसवली. मोबाईल धरायच्या लवचीक दांड्याला लांब पात्याचा मायक्रोस्विच बांधला, पात्यावर मऊ सिलिकॉनची नळी चढवली, दांडा खाटेला आवळून टोक ओठाच्या कोपऱ्यापासून दोन सेंटिमीटरवर आणलं. जीभ बाहेर काढून ढकललं की पातं दबतं. त्याच्या दोन तारा बाजारात मिळणाऱ्या वायरलेस डोअरबेलच्या बटणाला डाखल्या. घंटेचा डबा वहिनींच्या उशाशी. खर्च हजाराच्या आत. तोंडात काही नाही, गिळण्यासारखं काही नाही, झोपेत चालतं. घंटेला पाखरांच्या किलबिलीचा आवाज आहे, त्यावरून मुलगा अजून हसतो.

एक नियम आप्पांनी स्वतः घातला: झोपण्याआधी रोज एकदा वाजवून बघायची. बटणातला सेल दर अमावास्येला बदलायचा हा नियम वहिनींचा. तारखा त्यांच्या लक्षात राहत नाहीत, अमावास्या राहते.

दुसरी प्लेट

घंटा बसल्यावर आप्पांनीच विचारलं, “त्या डब्यातल्या प्लेटचं काय करणार हाय?” दुसऱ्या फेरीत आम्ही इलेक्ट्रॉनिक्स बाजूला ठेवून आधी त्यांचं बोलणं बघायचं ठरवलं.

जीभ टाळूला कुठं लागते हे बघायची पद्धत भाषाशास्त्रात जुनी आहे. कृत्रिम टाळूत ६२ इलेक्ट्रोड बसवून बोलताना होणारे स्पर्श नोंदवणारी यंत्रं असतात. त्याच्या आधीच्या काळात जिभेला कोळशाची पूड लावून टाळूवरचे डाग बघत. आम्ही हळदीच्या सांगलीत होतो, कोळसा कशाला? मॅडमनी पांढऱ्या शीटची कोरी प्लेट बनवली, आप्पांच्या जिभेला ओली हळद लावली आणि एकेक अक्षर म्हणायला सांगितलं. म्हटलं की प्लेट काढायची, फोटो काढायचा, पुसायची, पुन्हा हळद. “त” आणि “न” ला दातांमागं पट्टा उमटला. “ट” आणि “ळ” ला त्याच्या मागं, मधोमध. “ई” ला दोन्ही बाजूंच्या दाढांलगत दोन पिवळ्या रेघा, एकाच वेळी. गिळलं की सगळी प्लेट पिवळी. बावीस अक्षरांनंतर आप्पा म्हणाले, आता नवरदेव केलाय तोंडाचा, बास.

त्या फोटोंनी नकाशा हातात दिला. पुढचा आणि मधला भाग बोलण्याचा आहे, तो मोकळा सोडायचा. प्लेट पुढून कापून घोड्याच्या नालेच्या आकाराची केली, प्लेटमुळं “स” म्हणताना येणारी सुसकारीही त्यानं गेली. पट्ट्या तीनच ठेवल्या: डाव्या उतारावर, उजव्या उतारावर, आणि एक बरीच मागं. बोलताना डावी-उजवी एकत्र लागतात, म्हणून दोन्ही एकदम लागल्या तर दुर्लक्ष. गिळताना तिन्ही लागतात, तेव्हाही दुर्लक्ष. लाळेचा थर सगळीकडं सारखा वाढतो, तोही याच नियमात बसला. एकच पट्टी लागलेली, बाकीच्या न लागलेल्या, आणि स्पर्श चारशे मिलिसेकंद टिकलेला, एवढं जुळलं तरच तो हुकूम. बोलताना जीभ एका जागी शंभर-दीडशे मिलिसेकंदांपेक्षा फारशी टेकत नाही.

लाळ तरीही एका पट्टीवरून दुसरीवर जायची. त्यावर तोड आप्पांनी काढली. “वाफ्याला बांध घाला की.” मॅडमच्या लॅबमधल्या कारागिरानं पट्ट्यांच्या मधे मिलिमीटरभर उंचीच्या गोल कडा उठवल्या. पाणी अडलं, आणि जिभेला न बघता कळायला लागलं की आपण कुठल्या वाफ्यात आहोत. दाबून बघायची सवयही गेली, कारण पट्टी लागली की बारीक टिक् असा आवाज येतो.

डावी-उजवीनं बाण सरकतो, मागची पट्टी टेकली की आडव्याचं उभं होतं, धरून ठेवली की क्लिक, आणखी धरली की डबल क्लिक. फोटोवर डबल क्लिक केलं की तो मोठा होतो. पाच पट्ट्यांची सहज चाल तीन पट्ट्यांना नाही, हे कबूल. मुलांना ते खटकलं. आप्पांना खटकलं नाही.

परिणाम

हे लिहिताना दुसरी प्लेट वर्षभर वापरात आहे. आप्पा ती सकाळी नऊ ते साधारण अकरा घालतात. तेवढ्यात गड्याचे फोटो बघून होतात आणि दराचे मेसेज जातात, न बोलता. पहिल्या आठवड्यात एक फोटो उघडून मोठा करायला पाऊण मिनिट लागायचं, आता पंधरा-वीस सेकंद. बाकी वेळ ते आवाजावरच फोन चालवतात. दिवसभर घालायला आम्ही सुचवलं होतं. त्यांनी नाही म्हटलं, लोक भेटायला येतात तेव्हा तोंडातून तार लोंबलेली त्यांना नको असते. शिवाय अकरा वाजता तंबाखू.

प्लेट आणि तंबाखू एका वेळी तोंडात राहत नाहीत, त्यामुळं सकाळच्या दोन वेळा आपोआप गेल्या. आता सातावरून चारावर आहेत. चट्टा वाढलेला नाही, गेलेलाही नाही. मॅडम दर तीन महिन्यांनी बघतात आणि प्रत्येक वेळी माझ्याकडंही बघतात.

एक गोष्ट आमच्या बाजूनं होती. आप्पांच्या शरीरावर कुठलंही उपकरण बांधलं तर खाली जखम होतेय हे त्यांना कळत नाही. तोंडात मात्र स्पर्श पूर्ण आहे. प्लेटची कड टोचली की त्याच दिवशी सांगतात, आणि मुलगा साबण-पाण्यानं ती धुतानाच बोट फिरवून बघतो. गरम पाण्यात घालायची नाही हे मात्र एकदा प्लेट वाकल्यावरच सगळ्यांच्या लक्षात आलं.

घंटा त्या वर्षात खऱ्या गरजेसाठी अकरा वेळा वाजली. त्यातली दोनदा नळी अडकली होती. एकदा मांजर छातीवर येऊन बसलं होतं.

वेगळं काय केलं असतं

घंटा पहिल्या आठवड्यात बसवायला हवी होती. मुलांचा प्रोजेक्ट म्हणून डोअरबेल मांडता आली नसती, परीक्षकांनी विचारलं असतं यात नवीन काय. आमच्या नकळत आम्ही आप्पांची गरज मार्कांच्या मापानं मोजली. पुढच्या वर्षीपासून मी मुलांना घरी पाठवतो तेव्हा एक रात्र तिथं राहायला सांगतो. दिवसा माणसं पाहुण्यांना दिवसाच्या अडचणी सांगतात.

बोलण्याचा नकाशा पट्ट्या बसवण्याआधी काढायला हवा होता. हळद, पांढरी शीट आणि एक दुपार, एवढ्यात झालं असतं ते काम आम्ही तीन महिने आणि एक वाया गेलेली प्लेट खर्चून शिकलो. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडासाठी बनलेलं उपकरण आपल्याकडं आणलं तर “ळ” आणि “ण” ची चाचणी आधी घ्यावी, असं माझं मत झालंय.

संमतीचा कागदही उशिरा झाला. आप्पांना अंगठा देता येत नाही म्हणून आम्ही वहिनींची सही घेऊन मोकळे झालो होतो. मॅडमनी टोकलं, तोंड त्यांचं आहे, सही त्यांच्या बायकोची कशी चालेल? मग आप्पांचं बोलणं दोन साक्षीदारांसमोर रेकॉर्ड केलं. त्यात त्यांनी अट घातली की कधीही प्लेट काढून डब्यात ठेवली तर कारण विचारायचं नाही.

तार काढायची का, हा वाद अजून चालू आहे. नव्या बॅचची मुलं बॅटरीशिवाय, बाहेरच्या वेटोळ्यातून वीज घेणारी प्लेट बनवू पाहतायत. मी अडवलेलं नाही. तोंडात जायच्या आधी मला ती महिनाभर मिठाच्या पाण्यात बुडालेली बघायची आहे.

सध्याच्या प्लेटचा डावा हूक सैल झालाय, कारण ज्या दाढेला तो धरतो ती हलायला लागली आहे. दाढ काढून नवा साचा घ्यायचा आहे. मॅडमनी या महिन्यातली तारीख दिली होती, आप्पांनी पुढं ढकलली. ऑक्टोबर छाटणी सुरू आहे, आणि सकाळचे दोन तास त्यांना मोकळे नाहीत.